कटानचा पट आणि सौद्याचा भाव

मालाच्या देवघेवीवर उभ्या असलेल्या आधुनिक पटखेळांत ‘कटान’चे स्थान मध्यवर्ती आहे. क्लाउस टॉयबर या जर्मन खेळकाराने रचलेला हा खेळ श्टुटगार्ट येथील कोसमोस या प्रकाशनसंस्थेने १९९५ मध्ये ‘डी सीडलर फॉन कटान’, म्हणजे ‘कटानचे वसाहतकार’, या नावाने बाजारात आणला आणि त्याच वर्षी त्याला ‘श्पील डेस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळ, हा जर्मनीतील मानाचा पुरस्कार मिळाला. टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ होते. डार्मश्टाट शहराच्या परिसरात त्यांची कृत्रिम दात तयार करण्याची प्रयोगशाळा होती आणि खेळ रचण्याचा उद्योग ते फावल्या वेळात करीत. हाच पुरस्कार त्यांना १९८८, १९९० आणि १९९१ या वर्षींही मिळालेला होता, परंतु प्रयोगशाळा सोडून केवळ खेळरचनेवर चरितार्थ चालवणे त्यांना शक्य झाले ते कटानच्या यशानंतरच. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या आणि तो चाळीसहून अधिक भाषांत उपलब्ध होता. खप हा खेळाच्या खोलीचा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु एवढ्या लोकांनी एवढी वर्षे खेळूनही जो खेळ शिळा होत नाही, त्याच्या रचनेत निव्वळ आकडेमोडीने न संपणारे काहीतरी असले पाहिजे. ते काय आहे आणि जिंकू पाहणाऱ्याने त्याकडे कसे पाहावे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

देवघेवीचा पटखेळ म्हटला की मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या सुट्टीत खेळला गेलेला ‘व्यापार’ आठवतो. तो खेळ ‘मोनॉपॉली’च्या कुळातला, आणि त्या कुळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने १९०४ मध्ये पेटंट मिळवलेल्या ‘लँडलॉर्ड्‌स गेम’मध्ये सापडते. जमिनीचे भाडे काही थोड्यांच्या हाती संपत्ती कशी गोळा करते हे दाखवणे हा मॅगी यांचा हेतू होता. १९३५ पासून पार्कर ब्रदर्स या कंपनीने खेळ घराघरांत पोहोचवला तेव्हा हेतू मागे पडला आणि भाडेवसुलीचा आनंद तेवढा उरला. या कुळातील खेळांत एकाचे उत्पन्न दुसऱ्याच्या खिशातून येते, एकेक खेळाडू दिवाळखोर होऊन उठतो आणि उरलेले दोघे संध्याकाळपर्यंत बसून राहतात. कटानची घडण याच्या उलट आहे. फासे कोणीही टाकोत, पडलेल्या दानाचे उत्पन्न त्या जागेवर वस्ती असलेल्या प्रत्येकाला मिळते, ते निसर्गाकडून मिळते, आणि कोणीही खेळाबाहेर फेकला जात नाही. पटावर मालाची अदलाबदल करण्याची कल्पना टॉयबर यांची नव्हे. धान्यबाजारातील आरडाओरड्यावर बेतलेला ‘पिट’ हा पत्त्यांचा खेळ १९०४ मध्येच आलेला होता, आणि फ्रान्सिस ट्रेशम यांच्या १९८० मधील ‘सिव्हिलिझेशन’ या खेळात मालपत्त्यांची देवघेव हा प्रगतीचा मुख्य आधार होता. टॉयबर यांनी साधले ते असे, की सौद्यावाचून गाडी पुढे जाणारच नाही अशा बेताने त्यांनी टंचाई रचली आणि सगळा डाव तासा-दीड तासात बसवला.

ही टंचाई समजण्यासाठी पटाची मांडणी माहीत असणे आवश्यक आहे. बेटाची जमीन १९ षट्‌कोनी तुकड्यांची असते आणि ते तुकडे प्रत्येक डावात नव्याने मांडता येतात. त्यांपैकी चार तुकडे जंगलाचे असून त्यांतून लाकूड मिळते, चार कुरणांचे असून त्यांतून लोकर, चार शेतांचे असून त्यांतून धान्य. मात्र विटा देणाऱ्या मातीच्या टेकड्या आणि खनिज देणारे डोंगर हे तीन-तीनच असतात, आणि उरलेला एक तुकडा वाळवंटाचा, ज्यातून काहीच पिकत नाही. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक अंक ठेवलेला असतो. दोन फाशांची बेरीज तो अंक आली की त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ज्यांची वस्ती आहे त्यांना त्या मालाचा एक पत्ता, आणि ज्यांचे नगर आहे त्यांना दोन पत्ते मिळतात. एक वीट आणि एक लाकूड दिले की रस्त्याचा एक तुकडा बांधता येतो. वीट, लाकूड, लोकर आणि धान्य प्रत्येकी एक दिल्यास नवी वस्ती उभी राहते. तीन खनिजे आणि दोन धान्ये खर्चून वस्तीचे नगर करता येते. आणि लोकर, धान्य व खनिज प्रत्येकी एक देऊन ‘विकासपत्ता’ विकत घेता येतो, ज्याच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्यालाच कळते. वस्तीचा एक गुण, नगराचे दोन, सर्वांत लांब रस्त्याचे दोन, सर्वांत मोठ्या सैन्याचे दोन, आणि आपल्या पाळीत जो प्रथम दहा गुण गाठेल तो विजयी. कोणत्याही दोन वस्त्या शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर नसाव्यात, असा आणखी एक नियम आहे. तो दिसतो साधा, पण बेटावरच्या ५४ कोपऱ्यांपैकी चांगले कोपरे झपाट्याने संपतात ते याच नियमामुळे.

कटानच्या डावपेचांवरील बहुतेक लेखन संभाव्यतेपासून सुरू होते, आणि दुर्दैवाने बरेचसे तेथेच थांबते. दोन फाशांची ३६ दाने संभवतात. त्यांपैकी सात ही बेरीज सहा प्रकारे येते, सहा आणि आठ प्रत्येकी पाच प्रकारे, पाच आणि नऊ चार, चार आणि दहा तीन, तीन आणि अकरा दोन, तर दोन आणि बारा केवळ एकेका प्रकारे. अंकांच्या चकत्यांवर तेवढेच ठिपके छापलेले असतात, त्यामुळे हे गणित खेळाडूला पाठही करावे लागत नाही. सहा, पाच आणि नऊ यांच्या मधल्या कोपऱ्याला तेरा ठिपके मिळतात, याचा अर्थ त्या वस्तीला ३६ दानांमागे सरासरीने तेरा पत्ते मिळावेत. हे ज्ञान आवश्यक आहे, परंतु ते पटावरच छापलेले असल्याने टेबलाभोवती बसलेल्या चारही जणांना सारखेच उपलब्ध असते, आणि जे सर्वांना सारखे माहीत असते त्याने कोणाचीच सरशी होत नाही. ठिपके न मोजणारा हरतो. मात्र मोजणारा केवळ तेवढ्यावर जिंकत नाही.

ठिपक्यांचे गणित एक पायरी पुढे नेले तर मात्र ते उपयोगी पडू लागते. पटावर एकूण ५८ ठिपके असतात, आणि ते पाच मालांत कसे वाटले गेले आहेत हे दर डावात बदलते. समजा, एखाद्या मांडणीत चार जंगलांवर सहा, आठ, पाच आणि दहा हे अंक आले, तर लाकडाच्या वाट्याला सतरा ठिपके जातात. त्याच पटावर विटांच्या तीन टेकड्यांवर तीन, चार आणि अकरा आले, तर विटांना सातच ठिपके मिळतात. रस्त्याला आणि वस्तीला दोन्ही माल एकास एक या प्रमाणात लागतात, त्यामुळे या डावात लाकूड रस्त्यावर पडलेले असेल आणि विटेला सोन्याचा भाव येईल, हे पहिले दान पडण्याआधीच सांगता येते. अशा पटावर चार ठिपक्यांची वीट हाती असलेला खेळाडू दहा ठिपक्यांच्या लाकूडवाल्यापेक्षा अधिक श्रीमंत असतो, कारण प्रत्येकाला त्याच्या दारात यावे लागते. मालाला स्वतःची अशी किंमत नाही. ती त्या पटावरील पुरवठा आणि त्या घटकेची इतरांची गरज यांच्यातून ठरते, आणि ही किंमत इतरांच्या आधी ओळखणे हाच या खेळातील खरा डावपेच होय, अशी प्रस्तुत पुस्तकाची भूमिका आहे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आधारलेले आहे.

सुरुवातीच्या दोन वस्त्यांची निवड हा या किंमत-ओळखीचा पहिला आणि सर्वांत महागडा प्रसंग असतो. चार खेळाडू एकेक वस्ती ठेवतात, मग शेवटच्यापासून उलट क्रमाने दुसरी. म्हणजे पहिल्या खेळाडूला उत्तम कोपरा मिळतो, पण त्याची दुसरी वस्ती सर्वांच्या मागून, उरल्यासुरल्या जागी पडते, तर चौथ्याला लागोपाठ दोन जागा निवडता येतात आणि त्यामुळे त्या एकमेकींना पूरक अशा जोडता येतात. दुसऱ्या वस्तीभोवतीच्या तुकड्यांचा एकेक पत्ता सुरुवातीचे भांडवल म्हणून मिळतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. निवड करताना नवशिका ठिपक्यांची बेरीज पाहतो. बेरीज समान असतानाही दोन निवडी किती वेगळ्या असू शकतात, हे त्याला दिसत नाही. एका खेळाडूच्या दोन्ही वस्त्या आठ, पाच आणि दहा याच अंकांवर आहेत आणि दुसऱ्याची एक वस्ती आठ, पाच, दहा यांवर तर दुसरी सहा, नऊ, चार यांवर आहे, असे धरले, तर दोघांच्याही ठिपक्यांची बेरीज चोवीसच भरते आणि दोघांनाही दर तीन दानांमागे सरासरी दोन पत्ते मिळतात. परंतु पहिल्याला तीनपैकी एकाच दानाला उत्पन्न मिळते आणि तेही दुप्पट, तर दुसऱ्याला तीनपैकी दोन दानांना थोडे-थोडे मिळत राहते. पहिल्याचे हात एक तर रिकामे असतात किंवा भरून वाहतात, आणि या खेळात भरून वाहणाऱ्या हाताला शिक्षा आहे.

ती शिक्षा म्हणजे सात. सातचे दान पडले की सातपेक्षा अधिक पत्ते बाळगणाऱ्या प्रत्येकाला निम्मे पत्ते टाकून द्यावे लागतात, आणि दान टाकणारा लुटारूची सोंगटी हव्या त्या तुकड्यावर नेऊन तेथील उत्पन्न बंद पाडतो व त्या तुकड्याच्या कोपऱ्यावरील एखाद्याचा एक पत्ता न पाहता उचलतो. आठ पत्ते हाती ठेवून पाळी सोडणाऱ्याला पुन्हा खर्च करण्याची संधी मिळेपर्यंत चार दाने पडतात, इतरांची तीन आणि त्याचे स्वतःचे एक. या चारांत एकदा तरी सात येण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के आहे. म्हणजे नगरासाठी साठवून ठेवू, असे म्हणणारा खेळाडू निम्म्याहून अधिक वेळा आपली निम्मी पुंजी गमावण्याची पैज लावत असतो. काटकसरीची सवय जडलेल्या खेळाडूंना हा नियम अन्यायाचा वाटतो. वास्तविक साठा करण्यापेक्षा माल फिरता ठेवण्याकडे खेळाडूला ढकलणारी ही मोठ्या चातुर्याने केलेली योजना आहे, कारण सातच्या भीतीने हातातील जादा पत्ते विकायला काढणारा विक्रेता नसता तर बाजारच भरला नसता.

विजयाचे मार्ग स्थूलमानाने दोन मानले जातात. एक विस्ताराचा, ज्यात लाकूड आणि वीट यांच्या बळावर रस्ते व वस्त्या पसरत न्यायच्या आणि लांब रस्त्याचे दोन गुण पटकवायचे. दुसरा नगरांचा, ज्यात खनिज, धान्य आणि लोकर यांच्या बळावर थोड्या जागांची नगरे करायची आणि विकासपत्ते घेत सैन्य उभारायचे. विकासपत्ते एकूण २५ असतात, त्यांपैकी १४ शिलेदारांचे (लुटारूला हुसकावणारे), पाच थेट एकेक गुण देणारे, आणि रस्तेबांधणी, सुगी व मक्तेदारी या प्रकारांचे प्रत्येकी दोन. शिलेदार तीन खेळले की मोठ्या सैन्याचा मान मिळू शकतो. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर नगराचा वाढीव एक गुण पाच पत्त्यांत पडतो आणि त्यासाठी नवी जागा लागत नाही, तर नव्या वस्तीला तिच्यापर्यंतचे दोन रस्ते धरून आठ पत्ते मोजावे लागतात. त्यामुळे नगरांचा मार्ग स्वस्त असल्याचा समज अनुभवी खेळाडूंत रूढ आहे. तो समज अर्धाच खरा आहे. नव्या वस्तीने नवे अंक, नवा माल आणि कदाचित बंदर मिळते, आणि ती जागा दुसऱ्याला मिळत नाही. नगर मात्र असलेल्याच अंकांवरचे उत्पन्न वाढवते, आणि लुटारू तेथे येऊन बसला की नुकसानही दुपटीने होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या दोहोंपैकी कोणताही मार्ग एकटा दहापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येकाकडे वस्त्यांच्या सोंगट्या पाचच असतात. सर्व पाच पटावर लावल्या आणि लांब रस्ताही मिळवला, तरी बेरीज सातवर अडते, आणि उरलेले तीन गुण नगरांतून किंवा विकासपत्त्यांतून आणायचे तर खनिज आणि धान्य लागतेच. उलटपक्षी, सुरुवातीच्या दोन वस्त्यांची नगरे केली आणि सैन्याचा मानही मिळवला तर सहा गुण होतात. पुढचे चार गुण केवळ विकासपत्त्यांतून आणायचे म्हणजे साऱ्या गठ्ठ्यातील पाच गुणपत्त्यांपैकी चार आपल्याच हाती यावेत अशी आशा धरणे होय, आणि ती आशा सोडायची तर नव्या वस्तीसाठी वीट आणि लाकूड मिळवणे भाग आहे. दोन वस्त्यांच्या सहा कोपरा-तुकड्यांतून पाचही माल पुरेशा प्रमाणात मिळणे फारच दुर्मीळ. म्हणून प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्याकडे जावे लागते. सौदा हा या खेळाचा अलंकार नसून त्याची कड्या-बिजागरी आहे, असे जे म्हटले जाते ते एवढ्या साध्या बेरजेवर सिद्ध होते.

सौदे दोन प्रकारचे असतात. पहिला पेढीशी: एकाच मालाचे चार पत्ते दिले की पेढी हवा तो एक पत्ता देते. किनाऱ्यावर नऊ बंदरे आहेत. त्यांपैकी चार बंदरांवर वस्ती असल्यास कोणत्याही मालाचे तीन देऊन एक घेता येतो, आणि उरलेली पाच एकेका मालाची असून तेथे त्या मालाचे दोन देऊन एक मिळतो. बंदराचे मोल बहुधा अशा प्रत्यक्ष अदलाबदलीच्या हिशेबाने मोजले जाते, परंतु त्याचा दुसरा उपयोग अधिक सूक्ष्म आहे. ज्याच्याकडे लोकरीचे बंदर आहे त्याला एका विटेसाठी दोनपेक्षा अधिक लोकरी मागणे व्यर्थ आहे, कारण तो उठून पेढीकडे जाईल. ज्याच्याकडे कोणतेच बंदर नाही तो मात्र नाइलाजाने तीनपर्यंत चढू शकतो, आणि हे समोरच्यालाही माहीत असते. सौदा फिसकटल्यास हाती जो पर्याय उरतो, तोच घासाघिशीत माणसाची ताकद ठरवतो, हे वाटाघाटींच्या शास्त्रातील मूलतत्त्व आहे. त्यामुळे बंदर एकदाही न वापरता त्याचा लाभ घेता येतो.

दुसरा प्रकार खेळाडूंमधील सौद्याचा, आणि येथे विवेचनाला थोडे थांबून चालावे लागते. नियम असा की ज्याची पाळी असेल त्याच्याशीच इतरांना सौदा करता येतो. इतर तिघे आपापसांत काही करू शकत नाहीत. फुकट देणे चालत नाही, आणि पुढच्या पाळीला देईन असे वचन दिले तरी ते पाळण्याची सक्ती नसते. एखादा सौदा फायद्याचा आहे की नाही हे पत्त्यांच्या संख्येवरून ठरवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. एकास एक म्हणजे बरोबरी आणि दोनास एक म्हणजे नुकसान, असे मानणारा खेळाडू वेळेचा हिशेब विसरतो. एखाद्याच्या लोकरीला नऊ ठिपके आहेत, म्हणजे त्याला दर चार दानांमागे एक लोकर मिळते. त्याच्या विटेला तीन ठिपके आहेत, म्हणजे एका विटेसाठी त्याला सरासरी बारा दाने वाट पाहावी लागते. दोन लोकरी देऊन एक वीट घेताना तो आठ दानांचे उत्पन्न देऊन बारा दानांची प्रतीक्षा वाचवतो, तेव्हा वरवर महाग दिसणारा हा सौदा त्याला स्वस्तच पडतो. त्या विटेने वस्ती एक फेरी आधी उभी राहिली, तर लाभ आणखी वाढतो. नव्या वस्तीला नऊ ठिपके असतील तर चार दानांच्या एका फेरीत ती सरासरीने एक पत्ता परत करते, आणि मोक्याचा कोपरा हातचा जात नाही तो वेगळाच. या कारणाने डावाच्या पूर्वार्धातील सौदे उत्तरार्धातील सौद्यांपेक्षा मोलाचे असतात, आणि सुरुवातीलाच भाव ताणून धरणारा चिकट खेळाडू बहुधा मागे पडतो.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात की स्वेच्छेने झालेल्या सौद्यात दोन्ही बाजूंचा लाभ होतो. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त याच दिशेचा आहे. कटानमध्ये हे खरे असूनही पुरेसे नाही, कारण येथे श्रीमंत होणे हे ध्येय नसून इतरांच्या आधी दहा गाठणे हे ध्येय आहे, आणि शर्यतीत समोरच्याचा लाभ हा काही अंशी आपला तोटा असतो. मात्र यावरून सौदा टाळावा असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चौघांच्या डावात दोघांनी परस्परांना सारखे पुढे ढकलले तर ते दोघेही उरलेल्या दोघांच्या तुलनेत पुढे जातात. ज्याचे सौदे अधिक, तो या रीतीने वारंवार पुढे सरकतो, आणि सौदा नाकारणारा प्रत्येक वेळी त्या उरलेल्यांत मोजला जातो. प्रश्न सौदा कोणाशी करावा एवढाच असतो. मागे पडलेल्याला थोडे अधिक देऊनही सौदा करावा, आठ गुणांवर पोहोचलेल्याला कितीही आकर्षक भाव मिळाला तरी नगराचे शेवटचे खनिज विकू नये, आणि आपली पाळी नसताना हातातील जादा माल पुढे करत राहावे, म्हणजे सातची भीतीही कमी होते. सौद्याच्या वहीला दोन रकाने पुरत नाहीत, चार लागतात. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याकडे पाहण्याची सवय लागलेला खेळाडू दोन-तीन डावांतच ओळखू येतो.

येथून खेळ गणिताकडून राजकारणाकडे वळतो. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनश्टर्न यांनी १९४४ मध्ये खेळांच्या सिद्धान्ताची पायाभरणी केली तेव्हाच त्यांनी दाखवून दिले होते की दोन खेळाडूंच्या डावात एखादा तिसरा आला की प्रश्नाचे स्वरूपच पालटते, कारण गट बांधण्याची शक्यता निर्माण होते. कटानमध्ये गट घोषित होत नाहीत. ते लुटारू कोणाच्या तुकड्यावर बसतो आणि कोणाचा सौदा सगळेच नाकारतात यांतून दिसतात. जो पुढे दिसतो त्याच्यावर लुटारू येतो, म्हणून पुढे असणे आणि पुढे दिसणे यांतील अंतर राखणे हा विजयाचा मोठा भाग आहे. गुणपत्ते झाकलेले राहतात. सात गुण दाखवून नऊ गुण बाळगणारा खेळाडू शेवटच्या पाळीत सर्वांना चकित करतो, आणि लांब रस्त्याचा मान पहिल्या अर्ध्या तासातच मिरवणारा बहुधा तो गमावूनच बसतो. मक्तेदारीचा पत्ता, ज्याने एखाद्या मालाचे इतरांकडील सर्व पत्ते आपल्याकडे घेता येतात, तो हाती असताना आधी आपल्या विटा तिघांना चांगल्या भावाने विकायच्या आणि मग त्याच विटा एका फटक्यात परत गोळा करायच्या, हा डाव पूर्णपणे नियमात बसतो. तो एका मंडळात एकदाच साधतो, आणि त्यानंतर त्या खेळाडूशी महिनाभर कोणी विटांचा व्यवहार करत नाही, हा भाग नियमपुस्तिकेत लिहिलेला नाही. ज्याला स्वतःला जिंकणे अशक्य झाले आहे असा खेळाडू कोण जिंकणार हे ठरवू शकतो, याला काही अभ्यासक या खेळाचा दोष मानतात. तो दोष खराच. परंतु तो काढून टाकला तर सौद्याचीही गरज उरणार नाही, तेव्हा तो सोसण्याजोगा आहे.

दैवाचा वाटाही मान्य केला पाहिजे. बहात्तर दानांच्या एका डावात आठ हा अंक सरासरीने दहा वेळा यायला हवा, परंतु त्याचे प्रमाणविचलन, म्हणजे सरासरीपासून ढळण्याचे नेहमीचे माप, सुमारे तीन आहे. सात वेळा येणे किंवा तेरा वेळा येणे या दोन्ही अगदी सर्वसामान्य घटना होत. एका डावातील विजय कोणत्याही डावपेचाचा पुरावा ठरत नाही, आणि एका डावातील पराभव त्याचे खंडनही करत नाही. संगणकावरील संशोधनाने याविषयी काही प्रकाश पाडला आहे. इश्तवान सिटा, गियोम शास्लो आणि पीटर स्प्राँक यांनी २००९ च्या सुमारास ‘माँटे कार्लो वृक्षशोध’, म्हणजे पुढील चालींचे असंख्य यादृच्छिक डाव मनातल्या मनात खेळून उत्तम चाल निवडण्याची पद्धत, कटानला लावून पाहिली. तिने वस्त्या व बांधकामे यांची निवड चांगली साधली, पण त्या प्रयोगात खेळाडूंमधील सौदे बाजूला ठेवलेले होते. एडिंबरा आणि तूलूज येथील अभ्यासकांनी मात्र नेमके ते सौदेच विषय म्हणून घेतले आणि कटान खेळताना झालेल्या लेखी वाटाघाटींचा संग्रह करून माणसे एकमेकांना काय सांगतात व काय दडवतात याचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला. ठिपके मोजणे यंत्राला लवकर जमले आणि ‘सध्या माझ्याकडे लोकर नाही’ या वाक्याचा खरा अर्थ लावण्यासाठी वेगळे शास्त्र लागले, ही गोष्ट प्रस्तुत पुस्तकाच्या भूमिकेला पुष्टी देणारी आहे.

पुस्तकाचा पल्ला मूळ खेळापुरता, तीन किंवा चार खेळाडूंच्या डावापुरता मर्यादित आहे. समुद्रप्रवास, नगरे व शिलेदार इत्यादी विस्तारसंच त्यात घेतलेले नाहीत, कारण त्यांत नवे माल आणि नवे नियम येतात आणि मूळ टंचाईचे प्रमाणच बदलते. तिघांच्या डावाला चौघांच्या डावाचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. जागा अधिक मोकळ्या राहतात, सौद्याला गिऱ्हाईक कमी मिळते आणि बंदरांचे महत्त्व वाढते, त्यामुळे त्याचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे. उदाहरणांतील सर्व मांडण्या अंक व तुकडे यांच्या आकृत्यांसह दिल्या असून वाचकाने त्या नुसत्या डोळ्यांखालून न घालता पट समोर मांडून, शक्य असल्यास आणखी तिघांना बसवून, ताडून पाहाव्यात. प्रत्येक आकृतीपाशी उत्तर वाचण्याआधी पाचही मालांच्या ठिपक्यांची बेरीज कागदावर करावी, कोणत्या मालाला भाव चढेल याचा अंदाज लिहून ठेवावा, आणि मगच पान उलटावे.